डावीकडचं वजन

काचेमागच्या घड्याळाला एकच काटा,
आणि खाली चिठ्ठी: पितळ, शिनानो प्रांत,
डावीकडचं एक वजन गहाळ.

ते यासोकिचीनं नेलं, असं मी धरून चालतो.
बत्तीस वर्षं देवळाच्या घंटाघरात त्याचं काम एवढंच:
पहाटे दांडीवरची वजनं एका खाचेत आणायची,
तिन्हीसांजेला दुसऱ्या.
कारण तिथे दिवसाचे भाग सहा, रात्रीचेही सहा,
मग दिवस केवढाही असो.
ज्येष्ठातला प्रहर ऐसपैस, पाय पसरून बसलेला,
पौषातला अंग चोरून.
दर पंधरवड्याला खाचा बदलायच्या,
बर्फाच्या दिवसांत बोटांवर फुंकर घालत.
भर दुपारी नऊ टोल, मग आठ, मग सात,
सहाला सूर्य बुडे,
पाच, चार, आणि मध्यरात्री पुन्हा नऊ.
उलटी मोजणी कुणाला खटकत नसे.

त्याच्या आजाकडे तर घड्याळच नव्हतं.
आजा राखेत नागमोडी चर पाडून धूप भरायचा;
निखारा ज्या वळणावर पोचला, ती वेळ.
त्याच्याही आधी म्हणे पाण्याची भांडी होती, एकाखाली एक,
थंडीत ती गोठत
आणि वेळ कुऱ्हाडीनं फोडावी लागे.
असं यासोकिची सांगे. खरं किती, देव जाणे.

मग ते साल आलं
ज्याचा शेवटचा महिना दोनच दिवसांचा झाला.
तिसऱ्या सकाळी उठावं तर नवं वर्ष.
हुकूम टोकियोचा: दिवसाचे तास चोवीस,
आणि तास सगळे सारखे.
त्या महिन्याचा तांदूळ त्याला मिळाला नाही.
महिनाच नव्हता, तांदूळ कसला?
नव्या घड्याळात सरकवण्यासारखं काही नव्हतं,
फक्त किल्ली,
ती देवळातला झाडूवाला पोरही देऊ शके.

नात नुई तेराव्या वर्षी
सुवा तळ्याकाठच्या रेशीमगिरणीत गेली.
उकळत्या पाण्यात कोशाचं टोक शोधायचं,
बोटं पांढरीफटक.
सुट्टीत आली तेव्हा जेवताना म्हणाली,
आजोबा, दुपारनंतर आमच्या भिंतीवरचा मोठा काटा
पाय ओढत चालतो.

यासोकिची बराच वेळ भातात काड्या घालून बसला.
जन्मभर त्यानंही वेळ ताणली होती, आखडली होती,
पण सूर्याला विचारून.

देवळातल्या त्याच नव्या घड्याळासमोर बसून
त्यानं उदबत्त्या वळल्या,
एक काडी, बरोबर एक तास.
बारा काड्या. अन् जाताना तिच्या मुठीत काहीतरी जड.

गिरणीच्या कोपऱ्यात मेलेल्या किड्यांसाठी एक फळी होती,
तिथे धूप लावायला मुकादम गोन्रोकूचीही ना नसे;
किड्यांच्या शांतीची त्याला काळजी होती.
एकच्या ठोक्याला नुईनं काडी पेटवली.
ती विझली तेव्हा काटा
पाऊण तासापाशीच रेंगाळत होता.

तिनं शेजारच्या कढईवरच्या पोरीला सांगितलं,
तिनं पुढचीला.
वाफेतून बातमी शेवटच्या रांगेपर्यंत गेली
आणि त्या वर्षी तरी काहीच झालं नाही.
एक थोराड बाई म्हणाली, पाव तासाचं काय घेऊन बसलीस?
नुईनं काय उत्तर दिलं, मला कुठून कळणार;
आमच्याकडे म्हणतात ते मी तिच्या तोंडी घालतो:
पाव तास गेल्याचं दुःख नाही, बाई,
काळ सोकावतो.

माझ्या खिशातल्या फोनची वेळ
कुठल्याशा अणूच्या थरथरीला बांधलेली आहे.
पृथ्वी मात्र कधीमधी रेंगाळते,
म्हणून शहाणी माणसं एखादा सेकंद वाढवून देत आली.
म्हणजे खाचा होत्याच अजून,
आणि कुणीतरी फुंकर घालत उभं होतं.

दिवे मालवत रखवालदारीण आली,
बंद करायची वेळ झाली म्हणाली.
फोनवर चार मिनिटं बाकी होती.
मी तिच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे
जरा निरखून पाहिलं.